उत्क्रांती आणि विश्वोत्पत्ती : एका आक्षेपाची चिकित्सा

अमेरिकेतील आर्कान्सॉ राज्याने १९८१ साली एक कायदा केला. राज्यातील शाळांत 'उत्क्रांती-विज्ञान' शिकवले जात असेल तर 'निर्मिती-विज्ञान'ही तितक्याच तोलाने शिकवले पाहिजे, असे ५९० क्रमांकाच्या या कायद्याचे म्हणणे होते. कायदा म्हटला की व्याख्या आल्या. निर्मिती-विज्ञान म्हणजे काय हे सांगण्यासाठी त्यात सहा मुद्दे दिले होते. त्यांपैकी दुसरा, तिसरा आणि चौथा मुद्दा जीवशास्त्रातला होता : उत्परिवर्तन व नैसर्गिक निवड ही कारणे सर्व सजीवांच्या विकासाला अपुरी आहेत, सजीवांत बदल होतात ते मुळात निर्माण केलेल्या 'प्रकारां'च्या मर्यादेतच होतात, माणूस आणि कपी यांचे पूर्वज वेगवेगळे आहेत. पाचवा मुद्दा भूशास्त्रातला : पृथ्वीवरील खडकांची रचना उत्पातांनी झाली आणि त्यांत एक जगबुडीचा महापूर होता. सहावा मुद्दा काळाचा : पृथ्वी आणि सजीव तुलनेने अलीकडचे आहेत.

आणि पहिला मुद्दा? विश्व, ऊर्जा आणि जीव यांची शून्यातून एकाएकी झालेली निर्मिती. म्हणजे डार्विनविरुद्धच्या कायद्याचे पहिलेच पाऊल जीवशास्त्रात न पडता थेट विश्वोत्पत्तीत पडले होते. एवढेच नव्हे, तर प्रतिपक्षाच्या म्हणजे 'उत्क्रांती-विज्ञाना'च्या व्याख्येतही कायद्याने पहिल्या क्रमांकावर विश्वाची नैसर्गिक उत्पत्ती घातली होती.

हा अपघात नव्हता. ऑगस्ट १९९९ मध्ये कॅन्सस राज्याच्या शिक्षण मंडळाने सहा विरुद्ध चार मतांनी विज्ञानाचे नवे निकष संमत केले, तेव्हा नव्या जाती निर्माण करणारी उत्क्रांती तर वगळलीच, पण तिच्याबरोबर महास्फोट आणि पृथ्वीचे वय यांनाही कात्री लावली. २००१ साली नव्या मंडळाने हा निर्णय फिरवला. पुढे २००५ मध्ये तेथे पुन्हा उत्क्रांतीविरोधी निकष आले आणि २००७ मध्ये तेही मागे घेतले गेले. या सगळ्या प्रवासात एक प्रश्न कायम राहिला. भांडण जर माणसाच्या आणि माकडाच्या नात्याचे असेल, तर त्यात आकाश का ओढले जाते? आणि ते ओढले गेल्यावर विज्ञानाच्या शिक्षकाने काय उत्तर द्यावे?

नेहमीचे उत्तर

या प्रश्नाला वैज्ञानिकांचे एक ठराविक उत्तर असते : 'उत्क्रांतीचा सिद्धांत सजीव कसे बदलत गेले हे सांगतो. विश्व कसे निर्माण झाले हा त्याचा विषयच नाही. तो प्रश्न खगोलशास्त्रज्ञांना विचारा.' शिक्षकांसमोर बोलताना मीही अनेकदा हेच उत्तर दिले आहे. ते चूक नाही. पण ते अर्धे आहे, असे मला आता वाटते. त्याचा खरा भाग कोणता आणि सुटलेला भाग कोणता, हे येथे तपासायचे आहे.

आधी खरा भाग. आर्कान्सॉच्या कायद्याविरुद्ध खटला झाला. तो भरणाऱ्यांत मेथडिस्ट, एपिस्कोपल आणि रोमन कॅथलिक धर्मगुरूही होते, हे मुद्दाम सांगितले पाहिजे. ५ जानेवारी १९८२ रोजी न्यायाधीश विल्यम ओव्हरटन यांनी कायदा घटनाबाह्य ठरवला. निकालपत्रात त्यांनी एक महत्त्वाचा भेद स्पष्ट केला. उत्क्रांतीचा सिद्धांत जीवसृष्टीचे अस्तित्व गृहीत धरून पुढे सुरू होतो. जीवाचा उगम हा जीवशास्त्राचा प्रश्न असला तरी वैज्ञानिक त्याला उत्क्रांतीच्या सिद्धांताचा भाग मानत नाहीत. जीवाचा उगमसुद्धा जर या सिद्धांताबाहेर, तर विश्वाचा उगम कितीतरी लांबचा.

हा भेद केवळ कायद्यापुरता नाही. नैसर्गिक निवडीला तीन गोष्टी लागतात : संततीत विविधता हवी, ती विविधता पुढच्या पिढीत उतरायला हवी, आणि काही प्रकारांना इतरांपेक्षा अधिक संतती व्हायला हवी. ताऱ्याला यांपैकी काही नाही. तारा हायड्रोजन जाळतो, फुगतो, मरतो. पण आपले गुण पिलांना देत नाही. दीर्घिका एकमेकींपासून दूर जातात त्या जगण्याच्या स्पर्धेत टिकून राहिल्या म्हणून नव्हे.

गोंधळाला आपली भाषाही हातभार लावते. आपण 'ताऱ्यांची उत्क्रांती' म्हणतो, 'विश्वाची उत्क्रांती' म्हणतो, 'भाषेची उत्क्रांती' आणि 'मोटारीची उत्क्रांती'सुद्धा म्हणतो. इंग्रजीतही असेच आहे. एकच शब्द चार ठिकाणी वापरला की ऐकणाऱ्याला वाटते, चारही ठिकाणी एकच सिद्धांत आहे आणि एक खांब पाडला की सगळा मांडव कोसळेल. वर्गात ताऱ्यांबद्दल बोलताना 'ताऱ्याचा जीवनक्रम' किंवा 'ताऱ्याच्या अवस्था' असे शब्द वापरले तर निम्मा घोटाळा तेथेच टळेल.

सुटलेला भाग : काळ

यंत्रणा वेगळ्या आहेत हे मान्य. पण नैसर्गिक निवडीला चौथी एक गोष्ट लागते आणि ती तिला स्वतःला निर्माण करता येत नाही. ती म्हणजे काळ. हा काळ तिला पृथ्वीकडून आणि सूर्याकडून उसना घ्यावा लागतो. पृथ्वी सहा हजार वर्षांची असेल तर उत्क्रांतीचा सिद्धांत तर्काने कितीही सुंदर असो, तो घडायला जागाच नाही. म्हणून ५९० क्रमांकाच्या कायद्यातील सहावा मुद्दा बारकाईने पाहावा. निर्मितीवाद्यांनी दोन विषयांची जी मोट बांधली, तिच्यात एक धागा खरा आहे आणि तो हा आहे. 'तो आमचा विषय नाही' असे म्हणून आपण तो धागा सोडून देतो.

डार्विनला मात्र तो सोडून देता आला नव्हता. १८५९ साली 'ओरिजिन ऑफ स्पीशीज'च्या पहिल्या आवृत्तीत त्याने दक्षिण इंग्लंडमधील वील्ड नावाच्या प्रदेशाची झीज व्हायला किती काळ लागला असेल याचा हिशोब केला होता. उत्तर आले सुमारे ३० कोटी वर्षे. हिशोब कच्चा होता. टीका झाली, आणि १८६१ च्या तिसऱ्या आवृत्तीतून डार्विनने तो काढून टाकला. पुढच्याच वर्षी विल्यम थॉमसन, म्हणजे नंतरचा लॉर्ड केल्विन, याने पृथ्वी थंड होण्याच्या वेगावरून तिचे वय २ ते ४० कोटी वर्षांच्या दरम्यान काढले. सूर्याची उष्णता केवळ गुरुत्वाकर्षणाने आकुंचन पावण्यातून येत असेल तर सूर्यही फार जुना असू शकत नाही, असेही त्याने दाखवले. १८९७ पर्यंत त्याचा आकडा २ ते ४ कोटींवर आला. भौतिकशास्त्राचा त्या काळचा सर्वांत मोठा अधिकारी उत्क्रांतीला वेळ द्यायला तयार नव्हता. या आक्षेपाने डार्विनला अखेरपर्यंत सतावले.

चूक कोणाची होती? पाठ्यपुस्तकात सांगतात की किरणोत्सर्गाचा शोध लागला आणि केल्विन खोटा ठरला. ही गोष्ट इतकी सरळ नाही. १८९५ साली, म्हणजे बेकरेलच्या शोधाच्या आदल्या वर्षी, केल्विनचाच एकेकाळचा सहायक जॉन पेरी याने दाखवले होते की पृथ्वीच्या पोटात उष्णता अधिक सहजपणे वाहत असेल, तर केल्विनचेच गणित पृथ्वीला काहीशे कोटी वर्षांचे आयुष्य देते. सूर्याचा प्रश्न सुटायला मात्र अणुकेंद्रीय ऊर्जा समजावी लागली. हायड्रोजनचे हेलियम होताना सूर्याला ऊर्जा मिळते ही कल्पना एडिंग्टनने १९२० मध्ये मांडली आणि हान्स बेथेने १९३९ मध्ये तिचा तपशील दिला. पृथ्वीचे वय क्लेअर पॅटरसनने १९५६ साली उल्कापाषाणांतील शिशाच्या समस्थानिकांवरून ४५५ कोटी वर्षे काढले. आजचा आकडा ४५४ कोटींचा आहे.

या इतिहासातून शिक्षकांनी एक गोष्ट ध्यानात घ्यावी. त्या वादात जीवशास्त्र आणि भूशास्त्र म्हणत होते की काळ अधिक लागतो. भौतिकशास्त्र म्हणत होते की तो नाही. शेवटी भौतिकशास्त्राला आपला हिशोब दुरुस्त करावा लागला.

असाच प्रसंग पुढे खगोलशास्त्रावर आला. १९२९ मध्ये हबलने दीर्घिकांच्या दूर जाण्याचा जो वेग दिला, त्यावरून विश्वाचे वय सुमारे २०० कोटी वर्षे निघत होते. पण किरणोत्सारी खनिजांवरून आर्थर होम्सने १९४७ मध्ये पृथ्वीचे वय ३०० कोटींहून अधिक काढले होते. मुलगी आईपेक्षा मोठी! हा विरोध दूर करणे हे १९४८ साली मांडल्या गेलेल्या स्थिर स्थिती सिद्धांतामागचे एक कारण होते. १९५२ मध्ये वॉल्टर बाडने दाखवले की अंतर मोजण्यासाठी वापरलेल्या तेजोविकारी ताऱ्यांचे दोन वेगळे प्रकार आहेत, आणि दीर्घिका आपण समजत होतो त्याच्या दुप्पट दूर आहेत. विश्वाचे वय एका झटक्यात दुप्पट झाले. नंतरच्या सुधारणांनंतर आज ते सुमारे १३८० कोटी वर्षे मानले जाते. येथे पृथ्वीवरच्या दगडांनी सांगितले की आकाशाच्या मोजणीत कोठेतरी चूक आहे, आणि दगडांचेच म्हणणे खरे निघाले.

सिद्धांत वेगवेगळे, पण घड्याळ एक. ते घड्याळ कोणा एका विषयाच्या मालकीचे नाही, म्हणूनच ते विश्वासार्ह आहे. नेहमीच्या उत्तरातून सुटते ते हे.

फळ्यावर करण्याजोगा हिशोब

हे घड्याळ किती जुळते ते वर्गात दाखवता येते. काही प्रवाळ आपल्या सांगाड्यावर रोज एक सूक्ष्म रेघ वाढवतात आणि ऋतूंनुसार वर्षाचा पट्टाही उमटतो. १९६३ साली जॉन वेल्स या पुराजीवशास्त्रज्ञाने डेव्होनियन काळातील जीवाश्म प्रवाळांवरील रेघा मोजल्या. एका वर्षाच्या पट्ट्यात सुमारे ४०० रेघा मिळाल्या. म्हणजे तेव्हा वर्षात ४०० दिवस होते.

आता खगोलशास्त्राकडे वळू. भरती-ओहोटीच्या घर्षणाने पृथ्वीचे स्वतःभोवती फिरणे मंदावते आणि दिवस दर शतकाला ढोबळमानाने दोन सहस्रांश सेकंदाने मोठा होतो. किरणोत्सारी पद्धतीने त्या खडकांचे वय सुमारे ३८ कोटी वर्षे, म्हणजे ३८ लाख शतके. गुणाकार करा : ७,६०० सेकंद, म्हणजे दोन तासांहून थोडे अधिक. तेव्हाचा दिवस साधारण २१.९ तासांचा. वर्षाचे एकूण तास ८,७६६. भागाकार केला की ४०० येतात.

भरतीचे घर्षण खंडांच्या मांडणीनुसार कमीअधिक होते, त्यामुळे उत्तर ढोबळच समजावे. तरीही येथे काय झाले ते पाहा. एका समुद्री प्राण्याची दैनंदिन वाढ, चंद्राचे आकर्षण आणि युरेनियमसारख्या मूलद्रव्यांचा क्षय यांचा परस्परांशी काही संबंध नाही. तिन्ही साक्षीदार वेगवेगळ्या गावचे, आणि साक्ष मात्र एक. सगळी पृथ्वीच सहा हजार वर्षांची असेल तर दिवस दर शतकाला दोन मिनिटांहून अधिक वाढला असला पाहिजे. बॅबिलोनच्या ज्योतिषांनी नोंदवून ठेवलेल्या ग्रहणांवरून आपण गेल्या सत्तावीसशे वर्षांचा दर काढू शकतो. तो सेकंदाच्या सहस्रांशांतच आहे.

'पूर्वी नियम वेगळे असतील'

यावर निर्मितीवाद्यांचे उत्तर असते की किरणोत्सारी क्षय पूर्वी फार जलद होत असेल. शंका रास्त आहे आणि तिला उत्तर द्यायला हवे. हे उत्तर आकाशात मिळते.

फेब्रुवारी १९८७ मध्ये मोठ्या मॅजेलन मेघात एका ताऱ्याचा स्फोट दिसला. हा मेघ सुमारे १ लाख ६८ हजार प्रकाशवर्षे दूर आहे. स्फोटात तयार झालेल्या कोबाल्ट-५६ या किरणोत्सारी समस्थानिकाच्या क्षयातून त्या ताऱ्याला प्रकाश मिळत होता. प्रयोगशाळेत त्याचे अर्धायुष्य ७७ दिवस आहे. सुरुवातीचा भर ओसरल्यावर तारा ज्या गतीने मंदावत गेला ती गती याच अर्धायुष्याशी जुळली. कोबाल्टचे ठराविक गॅमा किरणही उपग्रहावरील उपकरणांनी टिपले. प्रकाशाला येथे पोहोचायला १ लाख ६८ हजार वर्षे लागली. म्हणजे इतक्या वर्षांपूर्वी, इतक्या दूर, क्षयाचा वेग आजच्याइतकाच होता.

आता निर्मितीवाद्यांपुढे दोन वाटा राहतात. एक, क्षयाचा वेग अब्जपटीने वाढला होता असे धरणे. पण क्षय म्हणजे उष्णता. काहीशे कोटी वर्षांचा क्षय एका वर्षात झाला तर पृथ्वीचे कवच वितळून जाईल. अमेरिकेतील निर्मितीवाद्यांनीच चालवलेल्या एका संशोधन प्रकल्पाने २००५ मधील आपल्या अहवालात ही अडचण सुटलेली नाही हे मान्य केले आहे. दुसरी वाट म्हणजे ताऱ्यांचा प्रकाश वाटेत असतानाच निर्माण केला गेला असे मानणे. ही कल्पना जुनी आहे. १८५७ साली फिलिप गॉस या इंग्रज निसर्ग-अभ्यासकाने 'ऑम्फॅलॉस' या पुस्तकात मांडले होते की ॲडमला जशी बेंबी असणार तसे पृथ्वीतही न घडलेल्या भूतकाळाचे जीवाश्म असणार. हे मान्य केले तर १९८७ चा तारा कधी फुटलाच नाही. फुटल्याचे चित्र तेवढे आपल्याकडे पाठवले गेले. असा युक्तिवाद खोडून काढता येत नाही, कारण कालच सगळे जग आपल्या आठवणींसकट निर्माण झाले असेही त्याच तर्काने म्हणता येते. पण न खोडता येणे हे येथे सामर्थ्याचे लक्षण नाही. गॉसच्या काळातील श्रद्धाळू वाचकांनाही ही कल्पना पटली नव्हती, कारण तिने ईश्वरालाच खोटी साक्ष द्यायला लावले होते.

अवलंबून कोण कोणावर?

येथपर्यंत वाचून कोणी म्हणेल : 'म्हणजे उत्क्रांती आणि विश्वोत्पत्ती शेवटी बांधलेल्याच निघाल्या. मग महास्फोट चुकीचा ठरला तर उत्क्रांतीही गेली!' हा निष्कर्ष चुकीचा आहे, आणि तो का चुकीचा हे सांगायला मराठी वाचकांच्या ओळखीचेच उदाहरण आहे.

डॉ. जयंत नारळीकर (१९३८–२०२५) यांनी महास्फोटाच्या सिद्धांतावर आयुष्यभर शंका घेतल्या. फ्रेड हॉएल आणि जेफ्री बर्बिज यांच्याबरोबर १९९३ मध्ये त्यांनी 'अर्ध-स्थिर स्थिती'चा पर्यायही मांडला. बहुसंख्य खगोलशास्त्रज्ञांना तो पटला नाही. १९६५ मध्ये सापडलेल्या विश्वव्यापी सूक्ष्मतरंग प्रारणाचे स्पष्टीकरण महास्फोटाने अधिक चांगले मिळते, हे त्यामागचे एक मोठे कारण. पण समजा नारळीकरांचेच म्हणणे खरे निघाले असते. मग काय झाले असते? त्या सिद्धांतात विश्वाला आरंभच नाही. उत्क्रांतीला काळ कमी पडण्याचा प्रश्न आलाच नसता. पृथ्वीचे वय ४५४ कोटी वर्षेच राहिले असते, कारण ते दगडांवरून काढलेले आहे, महास्फोटावरून नव्हे.

याची दुसरी साक्ष आर्कान्सॉच्या न्यायालयातच मिळाली. हॉएल यांचे सहकारी चंद्रा विक्रमसिंगे डिसेंबर १९८१ मध्ये तेथे राज्याच्या बाजूने, म्हणजे निर्मिती-विज्ञानाचा कायदा करणाऱ्यांच्या बाजूने, साक्षीला उभे होते. जीव अवकाशातून आला असे त्यांचे मत होते आणि प्रचलित उत्क्रांतिवादावर त्यांची टीका होती. तरीही, पृथ्वी दहा लाख वर्षांपेक्षा तरुण आहे असे कोणताही विचारी वैज्ञानिक मानणार नाही, असे त्यांनी तेथे सांगितले. निकालपत्रात त्याची नोंद आहे. वैज्ञानिकांमधील मतभेद निर्मितीवाद्यांच्या पथ्यावर पडतातच असे नाही.

म्हणून अवलंबन एकेरी आहे आणि तेही मर्यादित आहे. उत्क्रांतीला दीर्घायुषी सूर्य हवा, म्हातारी पृथ्वी हवी, आणि ताऱ्यांच्या पोटात शिजलेले कार्बन व ऑक्सिजन हवेत. विश्वाचा पहिला क्षण कसा होता, किंवा असा क्षण होता की नव्हता, याच्याशी तिला कर्तव्य नाही.

महास्फोटाचे भलतेच मित्र

आणखी एक गंमत नोंदवली पाहिजे. सगळेच धर्मवादी महास्फोटाचे शत्रू नाहीत. या कल्पनेचा जनक जॉर्ज लमेत्र हा स्वतः कॅथलिक धर्मगुरू होता. १९५१ साली पोप बारावे पायस यांनी या सिद्धांतात ईश्वरी निर्मितीला दुजोरा पाहिला, तेव्हा सर्वांत अस्वस्थ झाला तो लमेत्रच. आपला सिद्धांत धार्मिक प्रश्नांच्या बाहेरचा आहे, अशी त्याची भूमिका होती.

अलीकडच्या 'बुद्धिमान रचना'वाद्यांनी आकाशाचा असाच सोयीचा वापर केला आहे. पेनसिल्व्हेनियातील डोव्हर येथील खटल्यात २००५ साली न्यायालयाने ज्याला विज्ञान मानण्यास नकार दिला, तोच हा वाद. त्याचे पुरस्कर्ते दोन दाखले देतात. एक : विश्वाचे नियम आणि स्थिरांक जीवसृष्टीसाठी इतके नेमके जुळवलेले आहेत की ते कोणीतरी जुळवले असले पाहिजेत. दोन : जिवाणूच्या शेपटीसारखी यंत्रणा निसर्गनियमांनी बनणे शक्य नाही, म्हणून ती कोणीतरी बनवली असली पाहिजे. दोन्ही दाखले एकाच पुस्तिकेत शेजारी शेजारी छापले जातात. पण पहिला म्हणतो की नियम जीवसृष्टीला अगदी पुरेसे आहेत, आणि दुसरा म्हणतो की ते अपुरे आहेत. निदान एकाला तरी घरी पाठवावे लागेल.

आपल्याकडे

हा वाद अमेरिकेचा म्हणून आपण निर्धास्त राहावे काय? जानेवारी २०१८ मध्ये तेव्हाच्या औरंगाबाद येथे तत्कालीन केंद्रीय मनुष्यबळ विकास राज्यमंत्र्यांनी सांगितले की डार्विनचा सिद्धांत चुकीचा आहे, कारण माकडाचा माणूस झालेला आपल्या पूर्वजांपैकी कोणी पाहिल्याचे लिहून ठेवलेले नाही. देशातील तिन्ही विज्ञान अकादमींनी संयुक्त पत्रक काढून त्याला उत्तर दिले. २०२३ च्या एनसीईआरटीच्या दहावीच्या पुस्तकात 'आनुवंशिकता आणि उत्क्रांती' या प्रकरणाचे नाव केवळ 'आनुवंशिकता' झाले. पुढे जीवशास्त्र न घेणाऱ्या मुलाशी उत्क्रांतीची शाळेतील शेवटची भेट तेथे होत असे. अठराशेहून अधिक वैज्ञानिक, शिक्षक आणि इतरांनी त्याविरुद्ध पत्रावर सह्या केल्या.

आपल्याकडे सहा हजार वर्षांच्या पृथ्वीचा हट्ट सहसा नसतो. आपला सापळा वेगळा आहे. पुराणांत ब्रह्मदेवाचा एक दिवस ४३२ कोटी वर्षांचा सांगितला आहे आणि पृथ्वीचे वय ४५४ कोटी निघते. मग 'आमच्या पूर्वजांना हे ठाऊकच होते' असे वर्गात कोणीतरी म्हणतोच. एवढ्या मोठ्या काळाची कल्पना करण्याचे धाडस कौतुकास्पद आहे, यात वाद नाही. पण तो आकडा कोणत्या खडकावरून, कोणत्या मोजणीतून आला, त्यात चूक किती असू शकते, आणि नवा पुरावा आला तर तो बदलायचा कसा, याचे उत्तर तेथे नाही. केल्विनचा आकडा शंभरपटीहून अधिक चुकला होता. तरी तो विज्ञानाचा आकडा होता, कारण त्याने आपली गृहीते उघड मांडली होती आणि पेरीला नेमक्या त्याच जागी बोट ठेवता आले.

आता 'कोणी पाहिले?' या प्रश्नाकडे येऊ. तो उत्क्रांतीला विचारला जातो, तसाच महास्फोटालाही. दोन्ही विषय भूतकाळाबद्दल बोलतात, आणि निर्मितीवादी त्यांना एकत्र बांधतात याचे आणखी एक कारण हेच आहे. 'तो आमचा विषय नाही' हे उत्तर येथे उपयोगी पडत नाही. आकाशाकडे बोट दाखवणे उपयोगी पडते. खगोलशास्त्रज्ञ भूतकाळ शब्दशः पाहतो. १९८७ साली लोकांनी दुर्बिणीशिवाय, नुसत्या डोळ्यांनी १ लाख ६८ हजार वर्षांपूर्वीची घटना पाहिली. जीवाश्मांच्या बाबतीत एवढे थेट पाहता येत नाही; तेथे रेघा मोजाव्या लागतात, क्षय मोजावा लागतो आणि वेगवेगळ्या साक्षी जुळतात का ते तपासावे लागते.

तेव्हा पुढच्या वेळी वर्गात कोणी विचारले की 'महास्फोट कोणी पाहिला, आणि तो खोटा ठरला तर डार्विनचे काय?', तर प्रश्न टाळू नये. दोन यंत्रणा वेगळ्या आहेत हे एका वाक्यात सांगावे. मग खडू घ्यावा, ३८ लाख शतके आणि दोन सहस्रांश सेकंद यांचा गुणाकार मुलांनाच करायला सांगावा, आणि उत्तर आल्यावर मगच प्रवाळाच्या रेघा किती भरल्या ते सांगावे.